‘मग गाडीचं काय?’ इंटरव्ह्यूतल्या प्रसंगाच्या प्रश्नांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डिप्लोमा मेकॅनिकल आहेत, भोसरीतल्या एका लहान कारखान्यात क्वालिटीमध्ये ४ वर्षं काढली आहेत. चाकणकडच्या दोन मोठ्या कंपन्यांत शिफ्ट क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी बोलावणं आलं. दोन्हीकडे टेक्निकल राउंड पार पडला आणि पुढच्या राउंडला गाडी अडली. तिथे विचारतात, अमुक झालं तर काय कराल, वरिष्ठांशी कधी वाजलं का, चूक झाली तेव्हा काय केलंत. एका ठिकाणचा प्रश्न होता की रात्री माल रिजेक्ट निघाला, ट्रक दारात उभा आहे आणि प्रॉडक्शन मॅनेजर ‘सोडून द्या’ म्हणतो. यांनी उत्तर दिलं, ‘मी क्वालिटीशी तडजोड करणार नाही, माल थांबवेन.’ समोरून आलं, ‘मग गाडीचं काय?’ आणि इकडे बोलती बंद. अशा प्रश्नांची आदर्श उत्तरं कुठे मिळतील, असं त्यांना विचारायचं आहे.

आदर्श उत्तरं नेटवर पोत्यानं मिळतील. अडचण इतकीच की ती आम्हीही वाचलेली असतात. मी २६ वर्षं कारखान्यात काढली, आधी क्वालिटीत आणि मग प्लांट सांभाळण्यात. त्यातली निम्मी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून माणसं निवडण्याचंही काम केलं. शेजारी एच.आर.चा माणूस असायचा, पण हे प्रसंगाचे प्रश्न बहुतेक वेळा मीच विचारायचो. एका दिवसात सात उमेदवारांनी एकाच वेबसाइटवरचं एकच उत्तर शब्दाशब्दानं म्हणून दाखवलेलं मी ऐकलं आहे. सातव्याच्या वेळी एच.आर.वाल्या मॅडम ओठ हलवत सोबत म्हणत होत्या.

तुमचं उत्तर चुकलं नव्हतं, अर्धं राहिलं होतं. ‘माल थांबवेन’ असं न म्हणणारा उमेदवार मला आजवर भेटलेला नाही, त्यामुळे त्या वाक्याला गुणच नसतात. गुण असतात ‘मग गाडीचं काय?’ याच्या उत्तराला.

आधी एक फरक लक्षात घ्या. हे प्रश्न दोन जातींचे असतात आणि जात ओळखायची ती क्रियापदाच्या काळावरून. ‘काय कराल?’ विचारलं तर कल्पनेतला प्रसंग आहे. ‘काय केलंत?’ विचारलं तर घडलेली गोष्ट हवी आहे. सर्वांत जास्त माणसं इथेच घसरतात. आम्ही विचारतो, ‘वरिष्ठांशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत?’ उत्तर येतं, ‘मी नेहमी शांतपणे चर्चा करून मार्ग काढतो.’ नेहमी म्हणजे कधी? कोणाशी? कशावरून? घडलेल्या गोष्टीची मागणी असताना स्वतःच्या स्वभावाचं प्रमाणपत्र हातात ठेवलं की समोरचा पेन खाली ठेवतो.

या पद्धतीमागे बराच जुना अभ्यास आहे. जॉन फ्लॅनगन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीचं आणि प्रशिक्षणाचं काम करत होते. चांगला माणूस कसा असावा असं विचारलं की गुळगुळीत विशेषणं मिळतात, आणि नेमकं काय घडलं, तेव्हा कोणी काय केलं असं विचारलं की कामाची माहिती हाती लागते, हे सूत्र धरून त्यांनी १९५४ साली आपली पद्धत लिहून काढली. १९८० साली गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पायावर ‘काय कराल’ छापाचा इंटरव्ह्यू उभा केला. तो त्यांनी कोणा साहेबलोकांवर तपासला नाही. लाकूड कापणाऱ्या सॉ मिलमधल्या कामगारांवर आणि फोरमनवर तपासला.

त्यातला एक प्रश्न या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. बायको आणि दोन मुलं सर्दीनं अंथरुणात आहेत, त्यांच्याकडे बघायला नातेवाईक किंवा मित्र कोणी नाही, ३ तासांनी तुमची शिफ्ट सुरू होते, काय कराल? ‘घरी थांबेन, कुटुंब आधी’ म्हणणाऱ्याला १ गुण. ‘सुपरवायझरला फोन करून परिस्थिती सांगेन’ म्हणणाऱ्याला ३. ‘सर्दीच आहे, कामावर येईन’ याला ५. मला ते ५ कधी पटले नाहीत. आमच्या लाईनवर मी फोन करणाऱ्याला ५ दिले असते, कारण वेळेत कळलं तर बदली माणूस उभा करता येतो. पण तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. गुणांचे हे टप्पे इंटरव्ह्यूच्या आधीच ठरलेले असतात. चांगल्या कंपनीत पॅनेलसमोर तसा कागद असतो. तुम्ही बोलताना ते खाली बघून लिहितात ते तुमच्या इंग्रजीतल्या चुका टिपत नसतात. कागदावरच्या कोणत्या ओळीला तुमचं उत्तर टेकतंय, हे बघत असतात.

आणि घाई करू नका. लष्करात अधिकारी निवडणाऱ्या एस.एस.बी.मध्ये ३० मिनिटांत ६० प्रसंगांवर लिहायचं असतं, म्हणजे एकाला अर्धा मिनिट. तिथे पहिली प्रतिक्रियाच हवी असते. कंपनीत तशी शर्यत नसते. ‘दहा सेकंद विचार करू का?’ असं म्हणून गप्प बसलेल्या माणसाचे गुण आम्ही कधी कापले नाहीत.

आता गाडीकडे येऊ.

हाच प्रश्न मी आकडे घालून विचारायचो. ॲल्युमिनियमचं हाउसिंग आहे, त्याचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ३२ एच७, म्हणजे माप ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटरमध्ये हवं. सेकंड शिफ्ट, रात्रीचे साडेदहा. लाईनवरून आलेला शेवटचा तुकडा मोजला तर ३२.०३१, म्हणजे सहा मायक्रॉन जास्त (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शिफ्टमधले ४०० नग पॅक झालेत, ट्रक लागलेला आहे, माल पोचला नाही तर सकाळी कस्टमरची लाईन थांबणार. प्रॉडक्शन मॅनेजर फोनवर म्हणतात, ‘सहा मायक्रॉननं काय आभाळ कोसळतंय? सोडून द्या.’

यावर काही जण वीर होतात. ‘नोकरी गेली तरी बेहत्तर, माल जाणार नाही.’ मनात यायचं, अरे बाबा, ती नोकरी अजून मिळायची आहे. काही जण नंदीबैल होतात, ‘साहेब म्हणतील तसं करू, शेवटी जबाबदारी त्यांची.’ एका वर्षी एक मुलगा आला, साधा, खिशाला दोन पेनं लावलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सर, तुकडा मशीनवरून उतरून किती वेळ झाला?’

मी खुर्चीत सरळ झालो. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं. ३२ मिलिमीटरचा बोअर आजूबाजूपेक्षा १० अंश गरम असेल तर तो ७ मायक्रॉननं मोठा दिसतो. ३२.०३१ मधून ७ वजा करा, ३२.०२४. माल ओके. प्रश्न रचताना मी ही खुंटी मुद्दाम ठोकून ठेवली होती, पण तिला हात लावणारे थोडेच. तो मुलगा पुस्तकातून हे शिकला नव्हता. हिवाळ्यात पहाटे मशीन सुरू केल्यावर रीडिंग कसं सरकतं हे त्यानं उभं राहून पाहिलेलं होतं, आणि ते त्याच्या एका प्रश्नातून कळलं.

म्हणून ‘काय कराल’ याच्या उत्तरात पहिलं वाक्य प्रश्नाचं असलं तरी चालतं. किती नग? मागचा चेक कधी झाला? गेज, म्हणजे मोजायचं साधन, कशावर सेट केलं? पॅनेलला उलट प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं आपल्याकडे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. इथे ते काढून टाका. माहिती नसताना निर्णय घेणारा इंजिनिअर मला रात्रपाळीत नकोच असतो.

मग मी प्रश्न घट्ट करायचो. तुकडा थंड केला, गेज मास्टरवर, म्हणजे नेमक्या मापाच्या नमुन्यावर, लावून बघितलं, दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतलं, तरी ३२.०३१. आता बोला. इथे चांगलं उत्तर कसं चालतं ते बघा. डिस्पॅच होल्डवर टाकणं हे पहिल्या मिनिटाचं काम, मोजामोजी त्यानंतरची. मग मागे जायचं. नऊ वाजता टूल बदललं होतं, त्याआधीच्या तासाचं रीडिंग ३२.०१४ आहे. म्हणजे बिघाड नऊनंतरचा असणार. नऊच्या आधीचे २६० नग वेगळे काढता येतात. त्यांवरही आंधळा विश्वास नाही ठेवायचा, प्लग गेजनं, म्हणजे भोकात घालून बघायच्या ठरावीक मापाच्या दांड्यानं, सगळे तपासायचे. दोन माणसं लावली तर तासाभराचं काम आहे. दरम्यान कस्टमरच्या क्वालिटीवाल्याला फोन, की सकाळच्या लाईनला पहिल्या दोन-तीन तासांत किती नग लागतील? उरलेल्या १४० नगांसाठी त्याच्याकडे लेखी डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल घ्यायची मंजुरी, मागायचं. त्यानं दिलं तर त्याच्या सहीनं माल जाईल, नाही दिलं तर लाल बिन, म्हणजे रिजेक्ट. आणि गाडी? गाडी २६० नग घेऊन बाराला निघाली. मॅनेजरला सांगायचं वाक्य असं होतं, ‘सर, २६० भरतोय, बाकीच्यांसाठी आपण दोघं मिळून कस्टमरशी बोलू.’

हे उत्तर ऐकताना पॅनेलला एक गोष्ट दिसते. या माणसानं नकार दिला, पण समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवून. मॅनेजरची अडचण खरी आहे हे त्यानं मानलं. शॉप फ्लोअरवर क्वालिटी आणि प्रॉडक्शन यांचं सासू-सुनेसारखं असतं, पण रोज एकाच चुलीवर स्वयंपाक करायचा असतो.

तरीही मॅनेजर ऐकत नसतील तर? मी हा प्रश्न शेवटी विचारायचोच. अशा वेळी आपल्या क्वालिटी हेडला उठवायचं, रात्री अकरा वाजले असले तरी. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या २०१६च्या प्रमाणकात ५.३.२ मध्ये स्वच्छ म्हटलं आहे की मालाच्या दर्जाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना डिस्पॅच आणि उत्पादन थांबवायचा अधिकार असला पाहिजे, आणि प्रत्येक शिफ्टला असा जबाबदार माणूस हजर असला पाहिजे. मंजुरीपेक्षा वेगळा माल पुढे पाठवायचा तर कस्टमरची परवानगी आधी घ्यावी लागते, तेही त्यात ८.७.१.१ मध्ये आहे. हे माहीत असू द्या, ओघात एकदा उल्लेखही करा, पण कलमं फेकू नका. फोनवर ओरडणाऱ्या माणसाला कलम वाचून दाखवणारा इंजिनिअर दुसऱ्या दिवशी कोणाचंच काम करून घेऊ शकत नाही. ‘लेखी द्या’ या दोन शब्दांचंही तसंच. सगळे मार्ग संपल्यावर ते बरोबर आहेत, सुरुवातीलाच म्हणालात तर भांडणाला आमंत्रण.

सुरक्षेचा प्रश्न आला तर मात्र हा क्रम उलटा. ऑपरेटरनं प्रेसचा लाईट कर्टन (मध्ये हात आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बायपास करून ठेवलाय, टार्गेट पूर्ण करायचंय म्हणतो. इथे ‘आधी माहिती घेईन’ म्हणालात की गेलात. आधी मशीन बंद, मग बाकीचं बोलणं. शिफ्ट सुपरवायझरच्या जागेसाठी आणखी एक प्रश्न हमखास येतो. एखादी महिला कर्मचारी तुमच्याकडे येऊन एका सहकाऱ्याच्या वागण्याची तक्रार करते, काय कराल? ‘दोघांना समोरासमोर बसवून मिटवेन’ हे उत्तर मी निदान तीस वेळा ऐकलं असेल, बहुतेक वेळा अगदी सद्हेतूनं. ते चूक आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं १० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, आणि तक्रार साधारणपणे ३ महिन्यांच्या आत लेखी करायची असते. तुमचं काम म्हणजे नीट ऐकून घेणं, समितीकडे कसं जायचं ते सांगणं, लिहायला मदत हवी असेल तर ती मिळेल असं बघणं आणि कॅन्टीनमध्ये त्यावर एक शब्द न बोलणं. पंच व्हायचं नाही.

आता ‘काय केलंत’ या जातीकडे. इथे मराठी माणसाला आपली भाषाच आडवी येते, असं माझं मत झालं आहे.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की सारखं ‘मी मी’ करू नये. इंटरव्ह्यूत ते असं बाहेर येतं: ‘आम्ही ॲनॅलिसिस केलं, मग टीमनं ठरवलं, मग रिजेक्शन कमी झालं.’ यात तुम्ही कुठे होतात? फिशबोन, म्हणजे कारणं शोधायची आकृती, कोणी काढला? मशीनशेजारी रात्री कोण थांबलं? टीमचं श्रेय टीमला द्याच, पण ‘मी’ आणि ‘आम्ही’ वेगवेगळे ठेवा. ‘टूलचं आयुष्य मी तीन शिफ्ट मोजलं, मेंटेनन्सच्या दोघांनी स्पिंडलचा रनआउट बघितला, निर्णय आमच्या साहेबांनी घेतला.’ यात फुशारकी नाही, आणि समोरच्याला चित्र दिसतं.

दुसरी गंमत ‘चूक झाली तेव्हा काय केलंत’ या प्रश्नात. मराठीत काच फुटते, दूध सांडतं, माल चुकतो. कोणी फोडली, कोणी सांडलं, हे वाक्यात यावंच लागत नाही. फारच झालं तर ‘माझ्या हातून झालं’, म्हणजे हाताचा थोडा, नशिबाचा थोडा, माझा उरलेला. घरात ही भाषा गोड आहे. इंटरव्ह्यूत ‘एकदा गेज चुकीचं सेट झालं होतं’ असं म्हणालात की मी विचारणारच, कोणी सेट केलं होतं? आणि मग उमेदवार खाली बघतो.

माझी स्वतःची एक सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी लाईनवर ड्रॉइंगची नवी रिव्हिजन लावायला विसरलो. जुनी प्रत बोर्डवर तशीच राहिली आणि दोन दिवसांत १२०० नग जुन्या मापानं बनले. कळलं तेव्हा मी आधी तासभर स्वतःच हिशोब करत बसलो की रिवर्क करून लपवता येईल का. तो तास ही माझी मोठी चूक होती, ड्रॉइंगपेक्षाही मोठी, कारण त्या तासात लाईन चालूच होती. मग साहेबांकडे गेलो. त्यांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर मी एक नियम करून घेतला, की नवी प्रत लावताना जुनी फाडून तिचा कोपरा रजिस्टरला चिकटवायचा. तो कोपरा मी पुढे दोन कंपन्यांत वापरला.

ही गोष्ट मी इंटरव्ह्यूंत तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा तो एक तास सांगितल्यावरच समोरच्यानं मान हलवली. चूक सांगायची तर खरी सांगा, पैशात किंवा नगांत मोजता येईल अशी, आणि तुम्ही थोडे वाईट दिसाल अशी. ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे, ही माझी चूक’ असल्या गुळाच्या गोळ्या आम्ही चहाबरोबर बाजूला ठेवतो. मात्र सचोटीची चूक सांगू नका. खोटं रीडिंग भरलं होतं असं कबूल करून कोणी कधी निवडला गेलेला मी पाहिला नाही, आणि मी निवडलाही नसता.

वरिष्ठांशी मतभेद. १९९८ साली मला स्वतःला हा प्रश्न आला होता आणि मी म्हटलं होतं, ‘माझे कोणाशी वाद होत नाहीत.’ समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘म्हणजे एक तर तुम्ही खोटं बोलताय, नाहीतर क्वालिटीत काम करत नाही.’ ती नोकरी गेली ती गेलीच.

या प्रश्नाला मी ऐकलेलं सर्वांत चांगलं उत्तर एका मुलीचं होतं. तिच्या साहेबांना तपासणी तासाऐवजी दोन तासांनी करायची होती, माणसं वाचवायला. तिला ते धोक्याचं वाटलं. तिनं सगळ्यांसमोर काही न बोलता संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन तीन महिन्यांची रीडिंग मांडली. इथपर्यंत बरेच जण येतात. पुढचं तिचं वाक्य असं होतं, ‘आकडे मांडल्यावर दिसलं की तीनपैकी दोन मशिनींच्या बाबतीत साहेबच बरोबर होते. तिसरीवर आम्ही तासाचा चेक ठेवला.’ स्वतःची बाजू दोन तृतीयांश पडली, हे तिनं आपणहून सांगितलं. आम्ही पुढचं काही विचारलंच नाही.

मतभेद निवडताना रजा, पगार, इन्क्रिमेंट, कोणाला जास्त ओव्हरटाइम मिळाला, हे विषय टाळा. आणि जुन्या साहेबांची धुणी धुऊ नका. त्यांनी खरंच त्रास दिला असेल, मी नाकारत नाही. पण भोसरीपासून रांजणगावपर्यंत हा सगळा एकच वाडा आहे. पॅनेलवरचा एखादा माणूस तुमच्या साहेबांबरोबर कुठल्यातरी कंपनीच्या बसमध्ये पाच वर्षं शेजारी बसलेला असतो. तसंच, गोष्ट रंगवण्याच्या नादात जुन्या कंपनीच्या कस्टमरचं नाव, पार्टचा भाव, त्यांचे पीपीएम (दहा लाख नगांत किती खराब) आकडे सांगू नका. आज तिथलं इथे सांगतोय, उद्या इथलं तिथे सांगेल, एवढा विचार कोणीही करतो.

एक खास आपल्याकडचा प्रश्न: वयानं वीस वर्षांनी मोठा ऑपरेटर तुमचं ऐकत नाही, काय केलंत? इथे पोरं ‘वॉर्निंग लेटर’पर्यंत धावतात. एकानं सांगितलं ते असं. लाईनवरचे एक मामा दर तासाचं रीडिंग तासाला न भरता शिफ्ट संपताना एका बैठकीत सगळा कागद भरायचे. यानं दोनदा सांगितलं, मामा ‘हो हो’ म्हणाले आणि तेच केलं. मग हा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसला. तीन-चार दिवसांनी कळलं की चेकशीटवरचे बारीक रकाने मामांना दिसत नव्हते. चष्मा लागलाय हे त्यांना लाईनवर कोणाला कळू द्यायचं नव्हतं, मशीनवरून काढतील अशी भीती. यानं चेकशीट मोठ्या अक्षरांत छापून घेतली, सगळ्याच मशिनींसाठी, म्हणजे मामा एकटे उघडे पडले नाहीत. शिवाय डोळे तपासणीचा विषय सेफ्टी कमिटीत मांडला, कारण न दिसणारा माणूस मशीनवर उभा असणं हाही प्रश्नच होता. ‘सगळ्याच मशिनींसाठी’ हे त्यानं पटकन, सहज सांगितलं. मी कागदावर तेवढंच लिहिलं.

ज्यांना अजून नोकरीचा अनुभव नाही त्यांनी कॉलेजचा प्रोजेक्ट, एन.एस.एस., गणपती मंडळ यांतलं सांगावं. वर्गणीचा हिशोब जुळत नव्हता तेव्हा तुम्ही काय केलंत, हा कारखान्यातल्या कुठल्याही प्रसंगाइतका अवघड प्रसंग आहे.

तयारी कशी करायची म्हणाल तर पन्नास प्रश्नांची उत्तरं पाठ करण्यापेक्षा सहा घटना खणून काढा. एक बिघाड, एक भांडण, एक चूक, एक अपुऱ्या वेळेत पार पाडलेलं काम, एक कोणाला तरी शिकवलेलं, एक न जमलेलं. या सहांतून जवळपास कुठलाही प्रश्न भागतो. प्रत्येक घटना आधी मराठीत, घरच्या कोणाला तरी सांगा, ज्याला तुमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला. त्यानं जिथे ‘म्हणजे?’ विचारलं तिथे गोष्ट सैल आहे. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून वेळ बघा. दोन मिनिटांच्या वर जाऊ नका. ‘स्टार’ नावाचं सूत्र तुम्ही ऐकलं असेल, आधी परिस्थिती, मग तुमच्यावरचं काम, मग तुम्ही केलेली कृती आणि शेवटी निकाल. सूत्र चांगलं आहे, पण बहुतेकांचं दीड मिनिट परिस्थितीतच जातं. कंपनी कुठे होती, लाईन कुठली, तेव्हा कोण साहेब होते. परिस्थितीला तीन वाक्यं पुरतात. कृतीला निम्म्याहून जास्त वेळ द्या. निकाल आकड्यात सांगा, आणि आकडा फुगवू नका. ‘रिजेक्शन ९० टक्के कमी झालं’ म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो, कितीवरून कितीवर? दहा नगांवरून एकावर असेल तर तसंच सांगा, त्यात लाज नाही.

भाषेचं म्हणाल तर प्रश्न इंग्रजीत आला म्हणून उत्तर इंग्रजीतच हवं असं प्रत्येक ठिकाणी नसतं. ‘थोडं हिंदीत किंवा मराठीत सांगू का?’ असं विचारा. पॅनेलवर एखादे तमिळ किंवा जपानी साहेब असतील तर अर्थात इंग्रजी लागेल. मग लहान वाक्यं वापरा. ‘आय चेक्ड द गेज. आय कॉल्ड माय मॅनेजर.’ एवढ्या इंग्रजीत गाडीची अख्खी गोष्ट सांगून होते.

शेवटी पॅनेल विचारतं, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तिथे ‘नो सर, थँक्यू’ म्हणून उठू नका. तुमच्या जागेसाठी विचारण्यासारखा प्रश्न आहे, ‘सर, इथे रात्रपाळीत डिस्पॅच थांबवायचा अधिकार नेमका कोणाकडे असतो?’ हा प्रश्न मला एका उमेदवारानं विचारला होता. माझ्या शेजारी आमचे प्रॉडक्शन हेड बसले होते. ते म्हणाले, ‘प्लांट हेडकडे.’ त्याच क्षणी मी म्हणालो, ‘शिफ्टच्या क्वालिटी इंजिनिअरकडे.’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो मुलगा हसला नाही, त्यानं दोन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली आणि विचारलं, ‘मग मी जॉइन झालो तर पहिल्या रात्री फोन कोणाला करू?’